ल हाव्रचा पैसा रत्नागिरीत चालत नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी रत्नागिरीची. पहिला मराठी चित्रपट 90 लाखांत केला, महोत्सवांत फिरला, थिएटरात आठवडाभर टिकला. दुसऱ्याची संहिता तयार आहे. मालवाहू जहाजावरचा आमच्या गावचा एक खलाशी. जहाजमालक जहाज वाऱ्यावर सोडून देतो आणि हा फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात अडकतो. इकडे घर त्याची बायको चालवते. गोष्ट माझ्या चुलत काकांच्या डायरीवरून सुचली. बजेट सहा कोटी. गोव्याच्या फिल्म बाजारात भेटलेल्या पॅरिसच्या एका निर्मातीने 'लेटर ऑफ इंटरेस्ट' पाठवलंय, चाळीस टक्के आणते म्हणते. पण ती म्हणते दोन वर्षं थांब. दुसरीकडे लंडनचे एक फायनान्सर पन्नास लाख डॉलर द्यायला तयार आहेत, आधी चार लाख प्रोसेसिंग फी मागतात. बाबा हापूसची बाग गहाण ठेवायला तयार आहेत. संवाद निम्मे इंग्रजीत करू का? एक जण म्हणतो, सहा भागांची मालिका कर. आणि मे महिन्यात स्वखर्चाने कान चित्रपट महोत्सवाला जाऊ का? – स.

प्रिय स.,

लंडनच्या गृहस्थांचा निकाल आधी लावू, कारण त्याला एक परिच्छेदही जास्त होईल. पन्नास लाख डॉलर म्हणजे चाळीस कोटींहून अधिक. तुमचा चित्रपट सहा कोटींचा. गरजेच्या जवळजवळ सातपट पैसा, तारण नाही, संहिता वाचलेली नाही, कलाकार कोण ते विचारलेलं नाही, आणि घाई मात्र चार लाखांची. फी खरे वित्तपुरवठादारही घेतात, वकिलाचा खर्चही लावतात. पण करार झाल्यावर, मंजूर रकमेतून वळता करून. चार लाख भरलेत तर पुढे 'इन्शुरन्स बाँड', मग 'बँक क्लिअरन्स' अशी शेपटी वाढत जाते. उत्तर पाठवू नका, नंबर ब्लॉक करा.

आता पॅरिस. तुम्ही पत्रासोबत जो फायनान्स प्लॅन जोडलाय तो मी दोनदा वाचला. फ्रान्स 2.4 कोटी, आधीचे निर्माते 80 लाख, बाग 1 कोटी, राज्याचं मराठी चित्रपट अनुदान 40 लाख, केंद्राचं प्रोत्साहन 1.4 कोटी. बेरीज बरोबर सहा कोटी. कागदावर छान दिसतं. पण या तक्त्यात दोन रकाने नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय सहनिर्मितीत सगळा खेळ त्या दोन रकान्यांचाच असतो: हा पैसा केव्हा येणार, आणि तो कुठे खर्च करावा लागणार.

ते दोन रकाने मी भरून पाहिले. राज्याचं अनुदान परीक्षणानंतर, 'अ' दर्जा मिळाला तर 40 लाख, 'ब' मिळाला तर 30. म्हणजे चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर. केंद्राचं प्रोत्साहन ही परतफेड आहे. खर्च करा, लेखापरीक्षण करून घ्या, कागद द्या, मग पैसे. नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या व्यासपीठावरून परदेशी निर्मितीसाठी ही मदत खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, कमाल 30 कोटी अशी जाहीर झाली. तो आकडा ऐकून अनेकांनी आपापल्या तक्त्यात 40 टक्के लिहून टाकले, तुम्हीही. पण ते 40 टक्के 'पात्र' खर्चाचे असतात, एकूण खर्चाचे नसतात. शिवाय अधिकृत सहनिर्मितीची योजना वेगळी आहे. तुम्हाला लागू होणारी टक्केवारी, किमान खर्चाची अट, कोणता खर्च पात्र धरतात, हे सगळं एनएफडीसी या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातल्या इंडिया सिने हबकडून (आधीचं फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस) ईमेलवर घ्या. फोनवरचं बोलणं प्लॅनमध्ये लिहायचं नसतं.

राहिला फ्रान्सचा पैसा. एकदा मंजूर झाला की तो येईल, हप्त्यांत का होईना. पण तो कोकणात उतरणार नाही, आणि तुमचा घोळ नेमका इथे आहे. तुम्हीच लिहिलंय की कोकणातलं 28 दिवसांचं शूटिंग 2.6 कोटींचं. होड्या, जनरेटर, मुंबईहून येणारं युनिट, राहणं-जेवण. पहिल्या दिवशी भाट्याच्या पुळणीवर कॅमेरा लावाल तेव्हा हातात किती असेल? 80 लाख, आणि बाबांची बाग. म्हणजे बाग घातली तरी 80 लाख कमीच.

फ्रान्सचा पैसा असा का वागतो, हे समजून घ्या, म्हणजे पॅरिसच्या बाईंशी बोलताना राग येणार नाही. फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर असतो. हॉलिवूडचा चित्रपट चालला तरी त्या तिकिटाचा हिस्सा सीएनसी या 1946 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो. टीव्ही वाहिन्या आणि स्ट्रीमिंगवाल्यांकडूनही वसुली होते. हा पैसा तिथल्या चित्रपट उद्योगाचा, तिथल्या ध्वनिमुद्रकाचा, संकलकाचा, लॅबचा. परदेशी दिग्दर्शकाच्या गोष्टीला ते तो देतात, आणि मोठ्या मनाने देतात, पण त्यातला बराच पैसा फ्रान्समधल्या माणसांच्या हातात पडावा ही अपेक्षा असते. तुमच्यासारख्या चित्रपटांसाठीची त्यांची योजना 'एद ओ सिनेमा द्यु मोंद', 2012 पासून सीएनसी आणि आँस्तित्यु फ्राँसे ही फ्रान्सची सांस्कृतिक संस्था मिळून चालवतात. कमाल मदत तीन लाख युरो, अर्ज फ्रान्समधल्या निर्मिती कंपनीनेच करायचा, आणि मदतीचा मोठा भाग तिथेच खर्च व्हायला हवा. प्रादेशिक निधींची अट आणखी कडक असते: आमच्या प्रांतात शूट करा, आमची माणसं घ्या. तुमचं ल हाव्र नॉर्मंडी प्रांतात, तेव्हा नॉर्मंडीचा पैसा नॉर्मंडीत. जर्मनीत नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियाचा निधी तर दिलेल्या रकमेच्या दीडपट खर्च आपल्या राज्यात मागतो. त्यापुढे फ्रेंच बाई फारच मवाळ वाटतील तुम्हाला.

तेव्हा तुमच्या तक्त्याची दिशा बदला. फ्रान्सकडून 'चाळीस टक्के रोख' मागू नका, चाळीस टक्के किमतीची कामं मागा. ल हाव्रचे शूटिंगचे दिवस तर त्यांचेच. शिवाय ध्वनिमिश्रण, कलर ग्रेडिंग, संकलक आणि शक्य असेल तर छायालेखकही तिकडचा. तुमच्या यादीत पोस्ट-प्रॉडक्शन आणि हे विभागप्रमुख मिळून मुंबईच्या खात्यात 70 लाख दिसतात. ते पॅरिसच्या खात्यात गेले की तेवढा भार इकडून उतरतो. तिकडे त्याच कामाला जास्त युरो लागतील आणि एकूण बजेट थोडं फुगेल, पण फुगवटा त्यांच्या बाजूला. निर्मातीचं मानधन आणि तिच्या कार्यालयाचा खर्चही त्या 2.4 कोटींतून जाणार हे आताच गृहीत धरा. नंतर कळलं की वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट ठाम सांगते. पैशासाठी ल हाव्रची दृश्यं वाढवू नका. तुमच्या संहितेत ती पाच आहेत, आणि पाचच पुरेत. सहनिर्मितीच्या आशेने गोष्टीत परदेशी पात्रं घुसडलेल्या संहिता मी ढिगाने वाचल्यात. निधी देणाऱ्या समितीला ते दहाव्या पानावर कळतं.

भाषेचंही तेच. निम्मे संवाद इंग्रजीत कशाला? पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला 2024 मध्ये कानचा ग्रां प्री मिळाला. तो मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलतो, मुंबईत आणि तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात चित्रित झालाय, आणि त्यात फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली असा पाच देशांचा पैसा आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' अस्सल मराठी. भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांची सहनिर्मिती, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार. कोकणातली बाई इंग्रजी बोलायला लागली तर पॅरिसची समितीच नाराज होईल.

कपाडियांच्या चित्रपटाची आणखी एक बाजू पाहून ठेवा. त्यात मुख्य वाटा फ्रान्सचा होता. ऑस्करच्या वेळी फ्रान्सने तो आपल्या प्राथमिक यादीत घेतला, शेवटी दुसरा पाठवला. इकडे भारताच्या फिल्म फेडरेशननेही दुसराच निवडला. कोणाचा वाटा मोठा, यावरून चित्रपट कोणत्या देशाचा धरला जाणार हे ठरतं, आणि त्यावर कुठलं अनुदान मिळेल, कुठली दारं बंद होतील हेही. तुमच्याकडे साठ टक्के असतील तर ते टिकवा. चर्चेत कुणी सहज म्हणेल, 'आम्ही पंचावन्न आणतो'. ऐकायला गोड, पण तेव्हा संहितेवरचा आणि अंतिम संकलनावरचा शब्दही तिकडे सरकतो, आणि मराठी अनुदानाचं काय होणार हा प्रश्नही उभा राहतो.

भारत आणि फ्रान्स यांच्यात 2010 साली सहनिर्मितीचा करार झालाय. अशा करारांत किमान 20 टक्क्यांचा वाटा ही नेहमीची अट असते, तुम्ही त्यात आरामात बसता. या कराराखाली चित्रपट 'अधिकृत' ठरला की तो दोन्ही देशांत देशी मानला जातो आणि दोन्हीकडच्या योजनांना पात्र होतो. ही मान्यता शूटिंग सुरू होण्याआधी मागायची असते, आपल्याकडे माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून. शूटिंग उरकून मग 'आता अधिकृत करा' म्हणत धावलेले लोक रिकाम्या हाताने परतलेत. पॅरिसच्या बाई दोन वर्षं थांब म्हणतात त्याचं कारणही हेच: समित्या वर्षातून ठरावीक वेळाच बसतात, एकीचा होकार आला की दुसरीकडे अर्जाला वजन येतं, आणि मग टीव्ही वाहिनी, आर्ते वगैरे, हलते. ती बाई तुम्हाला टाळत नाहीये.

पण तिचं 'लेटर ऑफ इंटरेस्ट' म्हणजे पैसा नव्हे, हेही तेवढंच खरं. तिला तुमची गोष्ट आवडली, एवढंच त्यात आहे. तिला पुढच्या ईमेलमध्ये विचारा: 2.4 कोटींपैकी किती सीएनसीकडून अपेक्षित, किती वाहिनीकडून, किती वितरक आणि विक्री एजंटच्या (देशोदेशी चित्रपट विकणाऱ्या मध्यस्थाच्या) आगाऊ रकमेतून, आणि तिची स्वतःची कंपनी किती घालते. यातलं एखादं नाकारलं गेलं तर काय, तेही. चांगला निर्माता या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट तिला कळतं की समोरची बाई कामाची आहे.

कोकणाची तूट मग कशी भरायची? बागेने नाही. बाबांना सांगा, बाग ही शेवटच्या हप्त्याची वस्तू आहे, पहिल्या हप्त्याची कधीच नाही, आणि शक्यतो कुठल्याच हप्त्याची नको. परदेशी पैशाच्या प्रकल्पात तारीख सरकणं ही रोजची गोष्ट, पण बँकेचं व्याज तारखेसाठी थांबत नाही. 1998 मध्ये चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला खरा, तरी आपल्या बँकेच्या मॅनेजरसमोर सरकारी प्रोत्साहनाचं पत्र ठेवलं तर तो सातबाराच मागतो. फ्रान्समध्ये हेच पत्र घेऊन निर्माता बँकेत जातो, इफसिक ही संस्था हमी देते आणि बँक त्यावर पैसे उचलून देते. आपल्याकडे ही सोय नाही, म्हणून ती माणसांतून उभी करावी लागते.

तुमच्या आधीच्या निर्मात्यांनी 80 लाख ठरवलेत. त्यांना किंवा त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या कुणाला हाच प्रस्ताव द्या: आणखी एक कोटी लावा, आणि केंद्राच्या प्रोत्साहनाची रक्कम येईल ती आधी तुमची, ठरलेल्या व्याजासह. नफ्यातला वाटा त्यानंतर. 'माझ्या चित्रपटावर विश्वास ठेवा' म्हणून पैसा मागण्यापेक्षा 'या सरकारी येण्यावर उसना द्या' म्हणणं सोपं जातं, आणि प्रामाणिकही आहे. अर्थात त्या येण्याचा आकडा 1.4 कोटी धरू नका, 80 लाख धरा. जास्त आले तर सगळ्यांची दिवाळी. मग 28 दिवसांचे 24 करता येतात का पाहा. संहितेत पावसाची तीन मोठी दृश्यं आहेत. एक गेलं तर दोन दिवस वाचतात आणि गोष्टीचं काही बिघडत नाही, हे मी वाचून सांगते. पोस्टचा भार पॅरिसला, एक कोटी उसना, चार दिवस कमी, एवढ्यात बागेशिवाय गणित जवळजवळ जमतं. जवळजवळ म्हणते, कारण दहा टक्के आकस्मिक खर्चाची तरतूद तुमच्या बजेटमध्ये दिसतच नाही. ती घाला. कोकणात समुद्रावर शूटिंग करायचंय तुम्हाला.

छोट्या निधींकडे तुच्छतेने पाहू नका. रॉटरडॅमच्या महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड 1988 पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या चित्रपटांना मदत करतोय. संहितेच्या टप्प्यावर दहा हजार युरो मिळतात, म्हणजे आजच्या दराने साधारण दहा लाख. रकमेपेक्षा त्या नावाचं मोल जास्त आहे, कारण पॅरिसची समिती ते नाव ओळखते. कपाडियांच्या चित्रपटाच्या यादीतही ते आहे.

मालिकेचा सल्ला देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मोठे प्लॅटफॉर्म बहुधा असं करतात: सगळा खर्च देतात, वर ठरावीक मोबदला देतात आणि सगळे हक्क स्वतःकडे ठेवतात. पैशाची चिंता मिटते, पण चित्रपटही तुमचा राहत नाही. शिवाय दुसऱ्याच चित्रपटाच्या दिग्दर्शिकेला असा प्रस्ताव येतो तो सहसा 'आधी लिहून द्या, मग बघू' या रूपात. चार पैसे मिळवून देणारी मालिका लिहायला माझी ना नाही. ही गोष्ट मात्र दोन तासांची आहे.

कराराबद्दल चार शब्द, बाकी वकील सांगेल. चित्रपटांचे करार पाहणाराच वकील घ्या, घरच्या जमिनीची केस लढणारा नको. फ्रान्स आणि फ्रेंच भाषक प्रदेश त्यांच्याकडे, भारतीय उपखंड तुमच्याकडे, उरलेल्या जगाची कमाई एकत्र आणि वाट्याप्रमाणे. विक्री एजंट आपलं कमिशन, साधारण 20 ते 25 टक्के, आणि खर्च आधी काढून घेतो. त्या खर्चाला वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर चित्रपट दहा देशांत विकला जाऊनही तुमच्या हाती हिशेबाचा कागद तेवढा येतो. बजेट वाढलं तर कुणी भरायचं, हे लिहिलेलं असावं. युरोचा दर हलला तर कुणी सोसायचं, हेही. परदेशातून येणारा पैसा तुमच्या खासगी खात्यात घेऊ नका. कंपनी करा आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा), जीएसटी, टीडीएस समजणारा सीए पहिल्या दिवसापासून ठेवा. संहितेचे हक्क निर्मातीला कायमचे देऊ नका, ठरावीक मुदतीचा ऑप्शन द्या. मुदतीत पैसा उभा राहिला नाही तर गोष्ट तुमच्याकडे परत.

आणि काकांची डायरी! पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, पण पॅरिसचा वकील पहिला प्रश्न यावरच विचारणार. गोष्ट कुणाच्या आयुष्यावरून घेतली, त्यांची लेखी परवानगी कुठे? काका हयात असतील तर या महिन्यात त्यांच्याकडून कागद करून घ्या, मोबदल्यासह, छोटा का असेना. नसतील तर काकू आणि मुलांकडून. घरातल्या घरात कसले कागद, असं सगळे म्हणतात, आणि चित्रपटाला पुरस्कार मिळाल्यावर त्याच घरातून नोटीस येते.

कानला स्वखर्चाने नको. मेमध्ये तिथे राहणंच फार महाग पडतं, आणि आधी ठरलेल्या भेटींशिवाय तिथे कुणी कुणाला बसू देत नाही. पॅरिसच्या बाई बहुधा जाणारच असतील; त्यांच्या हातात नीट छापलेलं डोसिए द्या: संहितेचा सारांश, दिग्दर्शिकेचं टिपण, नवा फायनान्स प्लॅन दोन्ही रकान्यांसह, आणि पहिल्या चित्रपटाची लिंक. तुम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा गोव्याला जा, या वेळी पाहुणी म्हणून नको, फिल्म बाजाराच्या को-प्रॉडक्शन मार्केटमध्ये अर्ज करून. अर्ज बाजाराच्या काही महिने आधीच बंद होतात, तेव्हा इंग्रजी मसुदा पावसाळ्याआधी तयार ठेवा. भाषांतर स्वतः करू नका, पात्रांची बोली जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि त्याचे पैसे बजेटमध्ये दाखवा.